आईला दिलेला शब्द



वर्ग सुटला की तुमच्यातले बरेच जण बास्केटबॉल खेळायला पळतात आणि "आधी गृहपाठ!" असे आई-बाबा मागून ओरडतात. म्हणून या वेळी आम्ही तुम्हाला टिम डंकनची गोष्ट सांगणार आहोत.

बास्केटबॉलमध्ये एका संघाचे पाच जण मैदानावर असतात: साधारणपणे दोन गार्ड, दोन फॉरवर्ड आणि एक सेंटर. डंकन 'पॉवर फॉरवर्ड' होता. या खेळाडूने बास्केटजवळ धक्काबुक्की सोसायची, हुकलेला चेंडू उडी मारून पकडायचा आणि संधी मिळताच गुण मिळवायचे.

डंकनचा जन्म १९७६ साली कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावर झाला. लहानपणी तो पट्टीचा पोहणारा होता. त्याची बहीण १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये पोहली होती. त्यालाही तिथेच पोहोचायचे होते. पण १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळात सरावाचा तलाव उद्ध्वस्त झाला. समुद्रात पोहावे, तर शार्कची भीती! पुढच्याच वर्षी, त्याच्या चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कर्करोगाने त्याची आई गेली. जाण्यापूर्वी तिने मुलांकडून वचन घेतले होते: कॉलेजचे शिक्षण पूर्ण करायचे.

पोहणे सुटले आणि डंकन बास्केटबॉलकडे वळला. १९९३ मध्ये तो अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात गेला. दोन वर्षांतच तो एवढा तयार झाला, की शिक्षण सोडून व्यावसायिक संघात गेला असता तर लाखो डॉलर मिळाले असते. कॉलेजात खेळायला पगार नव्हता. मध्येच पाय मोडला असता तर? तरीही तो चारही वर्षे थांबला. १९९७ मध्ये त्याने मानसशास्त्राची पदवी घेतली आणि त्याच वर्षी सॅन अँटोनियो स्पर्स संघाने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले.

त्यानंतर १९ हंगाम तो त्याच संघाकडून खेळला. १९९९, २००३, २००५, २००७ आणि २०१४ अशी पाच विजेतेपदे संघाने त्याच्याबरोबर मिळवली. २०१६ मध्ये तो निवृत्त झाला.

त्याच्या खेळात दिखाऊपणा नव्हता. कॅरममध्ये आपण स्ट्रायकर कडेवर आपटून सोंगटी घालवतो ना? तसा तो चेंडू तिरका फळीवर मारून बास्केटमध्ये टाकायचा. साधाच फटका, पण हजारो वेळा घोटलेला.

पालकांनो, त्या आईने मुलाचा खेळ थांबवला नव्हता. पोहण्याच्या शर्यतींत काठावरून सर्वांत मोठा आवाज तिचाच असे. तिने मागितली ती फक्त पदवी.

मुलांनो, पुढच्या वर्गाला पाच ओळी लिहून आणा: 'मी दिलेला आणि पाळलेला शब्द'. आणि हो, मराठीत बरं का!