न पाहिलेलें गिऱ्हाईक

जुनी वस्तु विकणें हें आमच्या लहानपणीं घराण्यास थोडें कमीपणाचें वाटे. लुगडें विरलें तर बोहारणीस द्यावें, भांडें फुटलें तर मोडींत घालावें, आणि जें धड असेल तें एखाद्या गरजू नातलगाच्या घरीं पाठवावें, अशी रीत होती. आतां काळ पालटला आहे. घरें लहान झालीं, मुलें पुण्या-मुंबईस गेलीं, वस्तु मात्र वाढल्या. आणि मोबाईलवर छायाचित्र घालून चार ओळींची जाहिरात दिली कीं सोफ्यापासून शेतीच्या पंपापर्यंत कोणतीहि वस्तु विकावयास ठेवतां येते. ओएलएक्स हें संकेतस्थळ २००६ सालीं सुरू झालें. त्याच्यासारखीं दुसरीं निघालीं, आणि पुढें फेसबुकवरहि असा बाजार भरूं लागला. या सोयीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. उपयोगाची वस्तु अडगळींत कुजण्यापेक्षां दुसऱ्याच्या घरीं कामास यावी, यांत शहाणपणच आहे. परंतु या बाजाराचा स्वभाव ओळखला नाहीं म्हणून आमच्या घरीं जें घडलें, तें आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे. त्यांत दोष चोराचा तर होताच. पण थोडा आमचाहि होता, आणि हा लेख लिहिण्याचें खरें कारण तेंच आहे.

साक्रीस आमचें घर दोन मुलगे, दोन सुना, नातवंडें आणि आम्ही उभयतां असें भरलेलें आहे. धाकट्या सूनबाई शिवणकाम करतात. गेल्या वर्षीं त्यांनीं विजेवर चालणारें नवें शिवणयंत्र घेण्याचें ठरविलें, आणि जुन्या, पायानें चालवावयाच्या यंत्राची जाहिरात ४,५०० रुपये किंमत घालून एका संकेतस्थळावर दिली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं अकराच्या सुमारास फोन आला. बोलणारा हिंदींत, अत्यंत अदबीनें बोलत होता. आपण सैन्यांत आहों, नुकतीच देवळालीच्या छावणींत बदली झाली आहे, पत्नीस यंत्र हवें आहे, असें त्यानें सांगितलें. गणवेशांतील छायाचित्र आणि ओळखपत्राची प्रतहि पाठविली. भावांत घासाघीस केली नाहीं. यंत्र पाहावयास येण्याचें तर नांवच काढलें नाहीं. पैसे आधीं घ्या, यंत्र न्यावयास माणूस मागाहून येईल, असा त्याचा आग्रह होता.

खात्री पटावी म्हणून त्यानें प्रथम दहा रुपये पाठविले, आणि ते खरोखरच जमा झाले. मग काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा तो चौकोन, ज्यास क्यूआर कोड म्हणतात, तो आला. हा उघडा, रक्कम घाला, पिन दाबा, म्हणजे पैसे तुमच्या खात्यांत येतील, असें त्यानें सांगितलें. सूनबाईंनीं पिन दाबला, आणि जे ४,५०० रुपये यावयाचे ते उलट गेले. चूक झाली, परत करतों, असें म्हणून त्यानें दुसरा चौकोन पाठविला. त्यांत ९,००० गेले. तिसऱ्यांत आणखी ९,०००. अर्ध्या घटकेंत २२,५०० रुपये, म्हणजे नव्या यंत्रासाठीं दोन वर्षें सांठविलेली सारी पुंजी, नाहींशी झाली.

यापुढें जें घडलें तें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. सूनबाई कोणास कांहीं बोलल्या नाहींत. स्वयंपाक झाला, पानें वाढलीं, मुलांचे अभ्यास झाले. त्यांचा चेहरा उतरलेला आमच्या कुटुंबाच्या ध्यानांत आला होता; पण डोकें दुखतें असें सांगून त्यांनीं वेळ मारून नेली. दिवेलागणीस थोरल्या नातवानें त्यांस माजघरांत डोळे पुसतांना पाहिलें, तेव्हां गोष्ट बाहेर आली. नातवानें तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन केला. परंतु तोंवर आठ तास उलटले होते. पैसे एका खात्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत गेले होते. एका ठिकाणीं ३,००० रुपये तेवढे अडकले, ते पुढें कांहीं महिन्यांनीं न्यायालयाच्या आदेशानें परत मिळाले. बाकीचे गेले ते गेले.

"लगेच कां सांगितलें नाहीं?" असें आम्हीं विचारलें. त्यांनीं मान खालीं घालून उत्तर दिलें, "मामंजी, मागें मोठ्या भावजींचे दोन हजार असेच फसले, तेव्हां आपण आठ दिवस त्यांच्याशीं बोलला नव्हतां."

आमच्याजवळ उत्तर नव्हतें. चौतीस वर्षें शाळेंत आम्ही मुलांस सांगत आलों कीं चूक लपवूं नये. परंतु चूक सांगणाऱ्याची आमच्यापुढें काय अवस्था होते, हें आम्हीं कधीं पाहिलें नव्हतें.

कोणी म्हणेल, बायकामाणसांस यांतलें काय कळणार! तसें मुळींच नाहीं. फेब्रुवारी २०२१ मध्यें दिल्लीच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या उच्चशिक्षित कन्येनें एक सोफा असाच ऑनलाइन विकावयास काढला होता. त्यांसहि आधीं थोडी रक्कम पाठविण्यांत आली, मग तोच चौकोन. आणि दोन खेपांत मिळून ३४,००० रुपये गेले. रिझर्व्ह बँकेनें मार्च २०२२ मध्यें फसवणुकीच्या प्रकारांवर जी पुस्तिका प्रसिद्ध केली, तींतहि विक्रीच्या संकेतस्थळांवरील या युक्तीस वेगळें स्थान दिलेलें आहे, आणि सैनिकाचें सोंग घेण्याचा उल्लेख आहे. सैनिकाचेंच सोंग कां? तर त्याच्याविषयीं आपणां सर्वांस आदर आहे, त्याची बदली होणें स्वाभाविक आहे, आणि तो प्रत्यक्ष येऊं शकत नाहीं हेंहि पटण्यासारखें आहे. चोर मूर्खपणावर जगत नाहीं. तो आपल्या चांगुलपणावर जगतो.

मग या बाजारांत आणि आपल्या जुन्या बाजारांत भेद कोणता? खानदेशांत गुरांच्या बाजारीं दलाल रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें धरून भाव ठरवीत. भाव झांकलेला असे, परंतु बैल भर उन्हांत उभा असे. त्याचे दांत पाहावे, त्यास चालवून पाहावें, कोणत्या गांवचा, कोणाचा, हें चारचौघांस विचारावें, मग इसार द्यावा आणि पावती घ्यावी. मोबाईलच्या बाजारांत नेमकें उलट आहे. तेथें भाव उघडा असतो आणि बैल झांकलेला. इतकेंच नव्हे, तर देणारा आणि घेणाराहि झांकलेला. आणि मुख्य म्हणजे चारचौघे नाहींत. फोन कानाशीं असतो. ऐकणारी एकटी, बोलणारा एकटा.

आपल्या स्मृतिकारांस ही अडचण ठाऊक होती. मनुस्मृतींत दाव्यांचीं जीं अठरा पदें सांगितलीं आहेत, त्यांत ‘अस्वामिविक्रय’ म्हणजे जी वस्तु आपली नव्हे ती विकणें हें एक पद आहे, आणि ‘क्रयविक्रयानुशय’ म्हणजे खरेदीविक्रीनंतरचा पश्चात्ताप हें दुसरें. पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांच्या आंत व्यवहार फिरविण्याची मुभा तेथें आहे. आणि वस्तु उघड्या बाजारांत, लोकांसमक्ष घेतली असेल तर घेणाऱ्याची बाजू बळकट मानली आहे. साक्षी या शब्दाचा अर्थच प्रत्यक्ष पाहणारा असा आहे. मोबाईलवरील चोराची सारी कला एका गोष्टींत आहे: तो आपला साक्षी दूर करतो. घाई करा, दुसरा ग्राहक वाट पाहतो आहे, फोन ठेवूं नका, कोणास विचारण्याची गरज नाहीं, हीं सर्व वाक्यें त्याचसाठीं असतात. म्हणून जो मनुष्य फोन ठेवूं देत नाहीं, त्याचा फोन आधीं ठेवावा.

घेणाऱ्यावर येणारें संकट तर याहून भयंकर असूं शकतें. आमच्याच साक्री तालुक्यांत समाजमाध्यमांवर स्वस्त तांब्याच्या भंगाराचें आमिष दाखवून परगांवच्या व्यापाऱ्यांस बोलवावें, आडरानांत गांठावें आणि मारहाण करून लुटावें, असे गुन्हे वारंवार पोलिसांत नोंदले गेले आहेत. ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. तेव्हां इकडे तांबें स्वस्त मिळत असेल, हें दूरच्या माणसास सहज खरें वाटतें. या लोकांनीं वस्तु पाहावयास येण्याचा नियम पाळला होता. पण ते चोराच्या जागीं आले, हमरस्त्यावर किंवा बाजारपेठेंत नव्हे. सबब ‘पाहून घ्या’ एवढें सांगून भागत नाहीं. ‘लोकांत पाहून घ्या’ असें म्हटलें पाहिजे.

आतां आमच्या घरीं जे नियम ठरले ते सांगतों. पहिला नियम विकणाऱ्यासाठीं. यूपीआय ही पैसे देण्याघेण्याची रचना २०१६ सालीं सुरू झाली. तींत पैसे घेण्यासाठीं गुप्तांक कधींहि लागत नाहीं. पिन दाबा म्हणजे पैसे येतील असें जो म्हणतो तो चोर, मग त्याच्या अंगावर कोणताहि गणवेश असो. पूर्वीं एका व्यक्तीनें दुसरीकडे पैशांची मागणी पाठविण्याची सोय होती व चोर तिचाहि उपयोग करीत. ती सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. चौकोन मात्र अजून आहेतच. ‘पैसे जमा झाले’ असा संदेश कोणासहि लिहून पाठवितां येतो. म्हणून आपल्या बँकेच्या खात्यांतील शिल्लक स्वतः पाहिल्यावांचून वस्तु हातची सोडूं नये. चुकून जास्त पैसे आले, परत करा, असें कोणी म्हटलें तरी हीच शिल्लक आधीं पाहावी. आपल्या मोबाईलचा पडदा दुसऱ्यास दिसेल असें कोणतेंहि अॅप अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून घेऊं नये.

दुसरा नियम घेणाऱ्यासाठीं. न पाहिलेल्या वस्तूस इसार नाहीं. मुलास पुण्यास खोली हवी असेल तर पुण्यांतील एखाद्या नातलगानें ती पाहिल्याशिवाय एक रुपयाहि पाठवूं नये. जुना मोबाईल घेतांना स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश हीं बटणें दाबावीं, म्हणजे पंधरा अंकी क्रमांक दिसतो. ‘केवायएम’ लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर पाठवावा. मे २०२३ मध्यें सुरू झालेल्या ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावरहि ही विचारणा करतां येते. क्रमांक बंद केलेला आढळल्यास तो अस्वामिविक्रय समजावा. मोटारसायकल घेतांना एम-परिवहन या सरकारी अॅपवर नोंदणी व विमा ताडून पाहावा, कर्जाची नोंद असल्यास बँकेचा ना-हरकत दाखला मागावा, आणि नमुना २९ व ३० यांवर सह्या झाल्याविना पैसे देऊं नयेत. विकणाऱ्यानेंहि राज्यांतल्या राज्यांत चौदा दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयास कळवावें, असें मोटार वाहन कायदा, १९८८ सांगतो. नाहींतर पुढें अपघात झाला तर कागदोपत्रीं मालक म्हणून आपणांसच उत्तर द्यावें लागतें.

तिसरा नियम फसल्यावरचा. ज्या कलमावरून ‘चारसेंवीस’ हा शब्द घरोघरीं रूढ झाला, तें दंडविधान १ जुलै २०२४ पासून गेलें. फसवणुकीचें कलम आतां भारतीय न्याय संहितेंत ३१८ आहे, आणि संगणकाच्या साहाय्यानें सोंग घेऊन फसविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खालीं तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण कलमापेक्षां घड्याळ महत्त्वाचें. पैसे चोराच्या खात्यांत पडून आहेत तोंवरच ते अडवितां येतात. म्हणून आधीं १९३० ला फोन, मग आपल्या बँकेस, मग सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर अथवा पोलीस ठाण्यांत लेखी तक्रार, हा क्रम ठेवावा. व्यवहाराचा क्रमांक, चोराचा फोन क्रमांक व संदेश पुसून टाकूं नयेत. लाजेनें पुष्कळ लोक तेंच आधीं करतात.

चौथा नियम आमच्यासारख्या वडील मंडळींसाठीं आहे. घरांत कोणी फसला तर पहिला तास रागवावयाचें नाहीं. दुसरा तासहि नाहीं. एकत्र कुटुंबाचा मोठा लाभ हा कीं घरांतच चार साक्षी असतात. जाहिरात देतांना कोणी एकानें वाचावी, फोन माजघरांत सर्वांदेखत घ्यावा, पैशाची गोष्ट निघतांच दुसऱ्यास जवळ बोलवावें, हें आपल्या घरीं जितकें सुलभ आहे तितकें शहरांत एकट्या राहणाऱ्यास नाहीं. परंतु ज्या घरांत वडिलांच्या रागाचें भय चोराच्या भयाहून मोठें असतें, तेथें माणसें दहा असलीं तरी प्रत्येकजण एकटाच असतो. आमच्या रागानें चोरास आठ तास मिळवून दिले. हें आम्हीं सूनबाईंस, आणि नंतर थोरल्या चिरंजीवांसहि, सर्वांसमक्ष बोलून दाखविलें. साठी उलटल्यावर तें सोपें गेलें नाहीं.

शिवणयंत्र पुढें दिवाळीपूर्वीं विकलें गेलें. जाहिरात पाहून कासाऱ्याच्या एक बाई आपल्या भावास घेऊन आल्या. त्यांनीं यंत्राचा पट्टा ओढून पाहिला, चाक फिरविलें, पिशवींतून कापडाचा तुकडा काढून त्यावर सरळ टीप घातली, आणि तीनशें रुपये कमी करावयास लावले. सूनबाईंनीं नोटा मोजून घेतल्या, आम्हीं पावती लिहिली, त्यांच्या भावानें साक्ष म्हणून सही केली. मग चहा झाला. नव्या यंत्रासाठीं पैसे पुन्हां सांठत आहेत. ते ठेवण्याचा डबा आतां सूनबाईंच्या कपाटांत नाहीं, माजघरांतील फळीवर असतो.