घोंगडीचा काठ आणि जेजिमची पट्टी

हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान नगरीला लागून असलेल्या नेरे गावात (ता. मुळशी) आता भातखाचरांच्या शेजारी गृहसंकुलं उभी राहिली आहेत. पण भर पावसात घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन लावणी केलेली पिढी मुळशीत अजून आहे. त्या पिढीच्या घरात कुठे माळ्यावर, कुठे पेटीत एखादी काळी घोंगडी घडी करून ठेवलेली असते. ती उलगडली की आपल्या हाती गालिच्यांच्या थोरल्या घराण्यातलं एक वस्त्र येतं.

हे घराणं विनागाठीच्या सपाट विणीचं. कॉकेशसमधल्या अझरबैजानात त्याचे बरेच प्रकार आहेत : पलास, किलिम, जेजिम, शद्दा, वर्नी, झिली, सुमाख. किलिममध्ये प्रत्येक रंगाचा आडवा धागा आपल्या हद्दीपर्यंत जाऊन माघारी वळतो. दोन रंगांच्या सीमेवर बारीक फट राहते. ती लांबू नये म्हणून नक्षी पायरीपायरीने चढते आणि त्यातून चौकट, त्रिकोण, शंकरपाळी असे आकार येतात. वर्नीवर इंग्रजी ‘एस’सारखा वळलेला ड्रॅगन असतो. लाल रंग मंजिष्ठेच्या कुळातल्या झाडाच्या मुळांचा, निळा निळीचा.

घोंगडीचं सख्खं नातं मात्र जेजिमशी आहे. जेजिमचे रंगीत पट्टे उभ्या ताण्यात असतात. माग लावतानाच नक्षी ठरते. घोंगडीचा काठही तसाच. काळ्या ताण्याच्या कडेला पांढरे धागे लावले की काठ उमटतो. खड्ड्यातल्या मागावर धोटा या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ धावतो, त्यामुळे इथे फुलं किंवा प्राणी येत नाहीत, रेघा येतात. ताणा ताठ राहावा म्हणून त्याला चिंचोक्याची खळ लावतात.

खरा फरक रंगाचा आहे. जेजिमची लोकर रंगवलेली असते. घोंगडीचा रंग मेंढीच्या अंगचा असतो : काळा, पांढरा, तपकिरी, करडा. कोकराच्या पहिल्या कातरणीची मऊ लोकर म्हणजे जावळ. जावळाच्या घोंगडीला मान मोठा. घोंगडीचा रंग पाहून कळप कसा होता ते सांगता येतं. हा साधेपणा गरिबीतून आलेला नाही. ती एक रंगदृष्टी आहे.

तिच्यामागे माणसांची साखळी आहे. हटकर धनगर मेंढ्या राखतात, सनगर आणि खुटेकर घोंगड्या विणतात. दिवाळीनंतर कळप घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाआधी परततात. कॉकेशसचे मेंढपाळही उन्हाळ्यात डोंगरावर आणि हिवाळ्यात सखल भागात राहत आले. बिरोबा-खंडोबाच्या पूजेत घोंगडीच आसन होते, तिच्यावर भंडारा पडतो. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांच्या या देवलोकाच्या अभ्यासात हयात घालवली.

आज मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या माडग्याळ मेंढीच्या अंगावर लोकर विरळ असते. दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीला गिऱ्हाईक नाही. कातरलेली लोकर अनेकदा फेकून द्यावी लागते. अझरबैजानने 1967 मध्ये बाकूत गालिच्यांचं संग्रहालय काढलं आणि 2010 मध्ये तिथली विणकला युनेस्कोच्या यादीत आली. आपल्याकडे मात्र घोंगडीचा प्रश्न म्हणजे भिजत घोंगडं झालं आहे.

या दिवाळीत घर आवरताना घोंगडी सापडली तर टाकू नका. तिचा काठ पाहा, ती कुणी आणि कुठून घेतली ते घरातल्या थोरल्यांना विचारा आणि लिहून ठेवा. नवी घ्यायची असेल तर हातमागाचीच घ्या. गिऱ्हाईक टिकलं तरच माग टिकेल.