पोलादी पिंजऱ्यात सुती दोरा कशाला?

‘डेडलिएस्ट कॅच’ या शोच्या क्लिप्स तुम्ही पाहिल्या असतील. अलास्काजवळचा बेरिंग समुद्र, बोटभर बर्फ आणि धाडकन पाण्यात ढकलला जाणारा पिंजरा. तिथे त्याला ‘पॉट’ म्हणतात, पण मडकं वगैरे डोक्यातून काढा. किंग क्रॅबचा पॉट म्हणजे साधारण ७ बाय ७ फुटांची पोलादी चौकट आणि त्यावर नायलॉनची जाळी. रिकामा असतानाच वजन ३०० किलोच्या आसपास! एवढं वजन हवंच, नाहीतर तळाशी प्रवाहात तो सरकत राहील.

आत हेरिंग किंवा कॉड माशाचं आमिष टांगलेलं असतं. वासाने खेकडा येतो, उतरत्या जाळीवर चढतो आणि बोगद्यासारख्या तोंडातून आत पडतो. बाहेरची वाट आता वर, अधांतरी. तो मात्र तळाशी भिंतीला धरून फिरत राहतो. ना बॅटरी, ना सेन्सर. एक-दोन दिवसांनी बोट येते, बोया शोधते आणि दोर यंत्राने ओढून घेते.

पण दोर तुटला तर? वादळात, सरकत्या बर्फामुळे हे होतं. मालक गेला, तरी पिंजऱ्याचं काम चालूच. आत अडकलेला खेकडा मरतो आणि त्याच्या वासाने पुढचे येतात. नायलॉन तर कुजतच नाही. याला ‘घोस्ट फिशिंग’ म्हणतात.

अलास्काच्या नियमांतला यावरचा उपाय मला भारी वाटतो. जाळीत किमान १८ इंचांची फट ठेवायची आणि ती १०० टक्के सुती दोऱ्याने शिवायची. दोऱ्याला डांबर किंवा कुठलाही लेप लावायचा नाही, कारण तो कुजायलाच हवा. कुजला की फट उघडते आणि खेकडे मोकळे. म्हणजे हा चक्क एक टायमर आहे! जाड दोरा लावला तर सुटका लांबते. जुना तसाच ठेवला तर भरलेला पॉट वर ओढतानाच माल निसटायचा. म्हणून तो वेळोवेळी बदलावा लागतो.

कॅलिफोर्नियात आता वेगळी अडचण आहे. बोयाच्या उभ्या दोरांत हंपबॅक व्हेल अडकतात. त्यामुळे तिथे ‘पॉप-अप’ पिंजरे आलेत. त्यांत दोर आणि बोया तळाशीच राहतात. बोटीवरून ध्वनीचा सिग्नल गेला की वर येतात. (पाण्याखाली जीपीएस पोचत नाही, म्हणून आवाज.) महागडं प्रकरण आहे. आणि त्यातली बॅटरीच संपली तर? तिथल्या नियमांनुसार सुती दोरा याही पिंजऱ्यात लागतोच.