चावीतला सेल संपला, तरी गाडी सुरू होते

रिमोटच्या सेलबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मालेगावच्या खंडोबाचं दर्शन घेऊन गर्दीतून वाट काढत गाडीपाशी यावं, रिमोटचं बटण दाबावं आणि गाडीनं हूं की चूं करू नये, असा प्रसंग कुणावरही येऊ शकतो. मग भोवती माणसं जमतात आणि सल्ले सुरू होतात. ‘सेल काढू नका, कोड उडून जाईल.’ ‘आता गाडी टोइंग करूनच न्यावी लागेल.’ ‘शोरूमशिवाय हे काम होत नाही.’ सल्ले आपुलकीचे असतात, पण बहुतेक चुकीचे. त्यापायी किनवटचा माणूस नांदेडला आणि निलंग्याचा माणूस लातूरला खेटे घालतो, कामाचा दिवस बुडवतो. खरं तर शंभर रुपयांच्या आसपास मिळणारा सेल आणि घरातली पाच मिनिटं एवढंच या कामाला पुरतं.

एक गोष्ट नीट समजली की बाकीचे गैरसमज आपोआप गळून पडतात. रिमोटच्या चावीत तीन वेगवेगळ्या वस्तू एकत्र बसवलेल्या असतात. पहिली, दार उघडणारी धातूची चावी. दुसरी, गाडीला ‘मीच तुझी चावी’ असं सांगणारी चोरीविरोधी चिप, म्हणजे इमोबिलायझरची चिप. तिसरी, लांबून लॉक उघडणारा छोटा रेडिओ. यातल्या फक्त तिसऱ्या वस्तूला सेल लागतो.

गैरसमज 1 : सेल संपला, आता गाडी सुरू होणार नाही.

वस्तुस्थिती : इमोबिलायझरच्या चिपला स्वतःचा सेल नसतो. चावी घालतो त्या इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं. चावी फिरवली की ते वेटोळं साधारण 125 किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करतं. चिप त्यातूनच ऊर्जा घेते आणि आपली ओळख कळवते. ओळख पटली की गाडीचा संगणक इंजिन सुरू होऊ देतो. म्हणून सेल संपला असला तरी धातूच्या चावीनं दार उघडा, चावी इग्निशनमध्ये घाला आणि गाडी सुरू करा. रिमोटनं लॉक केलेली गाडी चावीनं उघडली, तर काही गाड्यांत भोंगा वाजतो. घाबरू नका, चावी ‘ऑन’वर फिरवली की बहुतेक गाड्यांत तो थांबतो.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांतही सोय आहे. रिमोटच्या पोटात धातूची छोटी चावी लपवलेली असते. कडेचा खटका सरकवला की ती बाहेर येते. दाराच्या हँडलवर कुलपाचं छिद्र दिसलं नाही, तर ते झाकणाखाली असतं. आत बसल्यावर ब्रेक दाबा (गियरची गाडी असेल तर क्लच), रिमोट स्टार्ट बटणाला टेकवा आणि बटण दाबा. मारुती, ह्युंदाई, टोयोटा यांच्या अनेक गाड्यांत हीच रीत आहे. काही गाड्यांत रिमोट टेकवायची जागा वेगळी असते. ती आपल्या गाडीच्या पुस्तिकेत आजच पाहून ठेवा.

अपवाद एकच. जुन्या गाडीला बाजारातून सेंट्रल लॉकिंग आणि अलार्म बसवून घेतला असेल, तर काही प्रकारांत अलार्म चालू असताना इंजिनच बंद ठेवलं जातं. तिथं रिमोट बंद पडला की अडचण येते. सेकंड हँड गाडी घेतली असेल, तर अलार्म निकामी करणारा गुप्त स्विच कुठं आहे, हे आधीच्या मालकाला विचारून घ्या.

गैरसमज 2 : सेल काढला की कोड पुसला जातो आणि रिमोट नव्यानं प्रोग्रॅम करावा लागतो.

वस्तुस्थिती : कोड ज्या मेमरीत असतो, ती वीज गेली तरी पुसली जात नाही. सेल काढून रिमोट आठवडाभर तसाच ठेवला, तरी नवा सेल घातल्यावर बहुतेक रिमोट पहिल्याच दाबाला काम करतात.

या समजुतीला थोडा आधार आहे, तो निराळ्याच कारणानं. रिमोट दर वेळी नवा कोड पाठवतो आणि गाडी पुढच्या ठरावीक कोडांपर्यंतच तो मान्य करते. चोरानं हवेतला कोड पकडून तोच पुन्हा वाजवू नये, यासाठी ही योजना आहे. घरात लेकरू तासभर बटण दाबत बसलं, तर रिमोटची मोजणी गाडीच्या फार पुढं जाते आणि दोघांची चुकामूक होते. काही जुन्या मॉडेलांत सेल बदलल्यावरही असं घडतं. त्यावरचा उपाय पुस्तिकेत असतो. बऱ्याचदा चावी ‘ऑन’ करून रिमोटचं बटण ठरावीक वेळ दाबणं, एवढाच तो असतो.

गैरसमज 3 : सेल शोरूममध्येच बदलावा लागतो, नाहीतर वॉरंटी जाते.

वस्तुस्थिती : सेल कसा बदलायचा, हे खुद्द कंपनीच पुस्तिकेत चित्रासह सांगते. त्या पद्धतीनं काम केलं, तर वॉरंटीला धक्का लागण्याचं कारण नाही. हातानं करायचं नसेल, तर नांदेडच्या वजिराबादेतला किंवा लातूरच्या गंजगोलाईतला घड्याळ दुरुस्त करणाराही हे काम करू शकतो. काम आपल्यासमोर करून घ्यावं, म्हणजे पुढच्या वेळी स्वतःला जमेल.

पद्धत अशी. आत लपवलेली चावी असेल तर ती आधी बाहेर काढा. केसिंगच्या जोडावर एके ठिकाणी छोटी खाच दिसेल. सपाट पेचकसाच्या टोकाला कापड गुंडाळून ते खाचेत घाला आणि हलकेच पिळा. उचकटू नका, तशानं प्लॅस्टिकच्या आकड्या तुटतात. काही रिमोटना बारीक स्क्रू असतो, तो आधी काढा. केसिंग उघडताच मोबाइलवर फोटो घ्या. सेलची कोणती बाजू वर आहे, हे त्यात टिपलं जातं. अधिकच्या खुणेची बाजू काही रिमोटांत वर असते, तर काहींत खाली. जुना सेल पत्र्याच्या पट्टीखालून कडेनं सरकवून काढा. पट्टी वाकवू नका, कारण सेल घट्ट धरण्याचं काम तीच करते. नवा सेल कोरड्या कापडानं पुसा, कडेनं धरून बसवा, रबरी पट्टी जागेवर आहे ना ते पाहा आणि केसिंग सगळीकडून दाबा. ‘टक्’ असा आवाज आला की काम झालं.

केसिंग झिजलं म्हणून नवं टाकत असाल, तर मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. काही चाव्यांत इमोबिलायझरची चिप सर्किटवर नसते. ती सुट्या, काळ्या, बारीक तुकड्याच्या रूपात जुन्या केसिंगच्या कप्प्यात बसवलेली असते. जुनं केसिंग कचऱ्यात गेलं की चिपही जाते. मग रिमोटनं दार उघडतं, पण इंजिन सुरू होत नाही. त्या कामाला खरोखरच नवी चिप आणि प्रोग्रॅमिंग लागतं, खर्चही हजारांत जातो. म्हणून चिप नव्या केसिंगमध्ये गेल्याची खात्री झाल्याशिवाय दुकानातून हलू नका.

गैरसमज 4 : गोल दिसणारा कोणताही सेल चालतो.

वस्तुस्थिती : सेलवरचा आकडाच त्याची मापं सांगतो. सीआर 2032 घ्या. ‘सी’ म्हणजे लिथियम-मँगनीज डायऑक्साइड प्रकार, ‘आर’ म्हणजे गोल, 20 म्हणजे 20 मिलिमीटर व्यास आणि 32 म्हणजे 3.2 मिलिमीटर जाडी. 2025ची जाडी 2.5 मिलिमीटर, 2016ची 1.6. 1620चा व्यास 16 आणि जाडी 2 मिलिमीटर. हे सगळे 3 व्होल्टचेच. पण 2032च्या जागी 2025 घातला, तर 0.7 मिलिमीटरची फट राहते आणि रिमोट कधी चालतो, कधी रुसतो. उलट केलं तर पट्टी वाकते.

दोन चुका तर हमखास टाळाव्यात. एलआर 44 हा खेळण्यातला सेल 1.5 व्होल्टचाच असतो. एलआयआर 2032 हा दिसायला अगदी 2032सारखा, पण चार्ज होणारा सेल आहे. पूर्ण भरल्यावर तो 4.2 व्होल्टपर्यंत जातो, त्यामुळे 3 व्होल्टच्या सर्किटला धोका होऊ शकतो. बाहेरून बसवलेल्या जुन्या सेंट्रल लॉकिंगच्या काही रिमोटांत लांबट, बारीक 12 व्होल्टचा 23ए किंवा 27ए सेल असतो. सगळ्यांत सोपं म्हणजे जुना सेल सोबत नेऊन तोच आकडा मागावा.

गैरसमज 5 : मीटरनं 3 व्होल्ट दाखवले, म्हणजे सेल चांगला.

वस्तुस्थिती : ताजा सेल मीटरवर 3.2 व्होल्टच्या आसपास दाखवतो. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. नुसता मोजला तर तो 3 व्होल्ट दाखवतो, पण बटण दाबून रेडिओनं वीज मागितली की कोसळतो. टाकीत पाणी दिसावं आणि नळ सोडल्यावर धार येऊ नये, तसा हा प्रकार आहे. पूर्वी अंगणाच्या टोकावरून उघडणारी गाडी आता दाराशी गेल्यावरच उघडते, बटण दोन-तीनदा दाबावं लागतं किंवा डॅशबोर्डवर इशारा येतो, याच खऱ्या खुणा आहेत.

विकत घेताना सेल सीलबंद पाकिटातला घ्या आणि त्यावरची तारीख पाहा. डबीत सुटे टाकलेले सेल एकमेकांना घासून आपसातच शॉर्ट होतात आणि विकण्याआधीच कमजोर होतात.

गैरसमज 6 : वापरलाच नाही, तर सेल संपत नाही.

वस्तुस्थिती : साध्या रिमोटला हे बऱ्याच अंशी लागू पडतं, कारण त्यात बटण दाबल्यावरच वीज खर्च होते. बटण स्टार्टच्या गाडीचा रिमोट मात्र गाडीच्या हाकेसाठी सतत कान देऊन असतो. तो टीव्ही, संगणक किंवा मोबाइलच्या चार्जरशेजारी ठेवला, तर तिथल्या विद्युत लहरींमुळे जागाच राहतो आणि सेल लवकर संपतो. टोयोटाच्या पुस्तिकेत अशा उपकरणांपासून चावी मीटरभर दूर ठेवायला सांगितलं आहे.

आपल्याकडे उन्हाचाही हिशेब धरावा लागतो. मे महिन्यात नांदेड-लातूरचा पारा बेचाळिसावर जातो. तेव्हा बंद गाडीत, काचेमागच्या डॅशबोर्डवर तापमान 60 अंशांच्या पुढं सहज जातं आणि अनेक कंपन्यांनी या सेलसाठी घालून दिलेली मर्यादाच 60 अंश आहे. दुसरी चावी गाडीत ठेवू नका. ती घरात सावलीला ठेवा आणि महिन्यातून एकदा वापरून पाहा.

गैरसमज 7 : रिमोट चालत नाही, म्हणजे सेलच गेला.

वस्तुस्थिती : आधी दुसऱ्या चावीचा रिमोट दाबून बघा. तो चालला, तर दोष पहिल्या रिमोटचा. दोन्ही चालले नाहीत, तर गाडीची बॅटरी उतरलेली असू शकते किंवा सेंट्रल लॉकिंगचा फ्यूज गेलेला असू शकतो. आपल्याकडचे बहुतेक रिमोट 433.92 मेगाहर्ट्झवर बोलतात आणि त्याच पट्ट्यात इतर बिनतारी उपकरणंही चालतात. त्यामुळे एखाद्याच जागी रिमोट अडतो आणि गाडी पन्नास पावलं पुढं नेली की सुरळीत होतो. नवा सेल घालूनही एकच बटण काम करत नसेल, तर त्या बटणाखालचा स्विच झिजलेला असतो. तो स्वतंत्र बदलता येतो, त्यासाठी नवा रिमोट लागतोच असं नाही.

गैरसमज 8 : संपलेला सेल निरुपद्रवी असतो, कुठंही टाकला तरी चालतो.

वस्तुस्थिती : या यादीतला हा सर्वांत घातक गैरसमज आहे. रिमोटसाठी निकामी झालेल्या सेलमध्येही इजा करण्याइतकी वीज शिल्लक असते. 20 मिलिमीटरचा सेल लहान मुलानं गिळला, तर तो अन्ननलिकेत अडकतो. ओल्या ऊतींतून वीज वाहू लागते, सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत खोल भाजतं. लाळ गळणं, खोकला, घास नाकारणं ही लक्षणं असतात. काही मुलांत सुरुवातीला काहीच दिसत नाही. ‘नाणं गिळलं असेल, शौचातून जाईल’ असं म्हणून थांबू नका. एक्स-रेमध्ये सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं, नाण्याला ते नसतं. डॉक्टर त्यावरूनच फरक ओळखतात.

सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी करवू नका, खायला-प्यायला देऊ नका आणि जिथं लगेच एक्स-रे निघेल अशा रुग्णालयात तातडीनं न्या. गाडी नसेल तर 108 लावा. खायला-प्यायला न देण्याला अपवाद फक्त मधाचा. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि मध हाताशी असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा, असं अमेरिकेच्या विषबाधा केंद्राचं मार्गदर्शन आहे. मध फक्त इजा मंदावतो. तो आणण्यासाठी एक मिनिटही दवडू नका.

जुना सेल काढला की त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा डबीत ठेवा. ऑगस्ट 2022 पासून देशात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू आहेत. छोटे सेलही त्यात येतात. ते घरच्या कचऱ्यातून वेगळे ठेवणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे आणि परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांची आहे. सेल विकणाऱ्या दुकानदाराला आणि सर्व्हिस सेंटरला ‘जुना सेल परत घेता का?’ असं जरूर विचारा. चार गिऱ्हाइकांनी विचारलं, तर दुकानात त्यासाठी डबा ठेवला जाईल.

तेव्हा आज संध्याकाळी दोनच कामं करा. गाडीची पुस्तिका उघडून सेलचा आकडा आणि सेल नसताना गाडी सुरू करायची रीत पाहून घ्या. मग घरात कुठं सुटे सेल पडले आहेत का ते शोधा आणि मुलांच्या हाती लागण्याआधी उचलून ठेवा.