जळालेल्या बागेत कुऱ्हाडीची घाई नको



कुळगी परिसरात फेब्रुवारी ते मे हे महिने रानावनातून ये-जा करण्याचे. मिस्सा आटोपली की कोणी दांडेलीच्या बाजाराला जातो, बायका सुक्या लाकडांना निघतात, मुले करवंदे शोधत फिरतात. नेमके याच दिवसांत रान वाळलेले असते. बिडीचे थोटूक, चहासाठी मांडलेली तीन दगडांची चूल किंवा काजूच्या बिया दिसाव्यात म्हणून पेटवलेला पाला एवढ्याने वणवा लागतो. शेजारच्या गोव्यात मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात व आसपास असे वणवे पेटले. ते विझवायला हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. काजूच्या बागाही त्यात होरपळल्या.

बाग जळाली की आपण काळे पडलेले झाड मेलेच असे समजून कुऱ्हाड उचलतो. ही घाई महागात पडते. काजूचे नवे कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळू लागते आणि भरात यायला सात-आठ वर्षे घेते. जुने खोड जिवंत असेल तर ती वर्षे वाचतात. म्हणून पुढील क्रमाने काम करावे.

१. काजू, आंबा, फणस यांची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवी व ओली असेल तर झाड जिवंत आहे. शंका असल्यास पाऊस सुरू झाल्यावर महिनाभर फुटव्याची वाट पाहावी.

२. पोफळ व माड यांचा जीव शेंड्यातल्या कोंबात असतो. कोंब ताठ व हिरवा असेल तर झाड राखावे. ओढताच तो हातात आला तर आशा नाही.

३. मेलेल्या फांद्या तेवढ्या कापाव्यात. कापलेल्या जागी बोर्डो मलम लावावे: १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात, १ किलो चुना ५ लिटर पाण्यात वेगवेगळे कालवून मग एकत्र करावे. भांडे मातीचे वा प्लास्टिकचे घ्यावे, लोखंडी नको.

४. पाला जळाल्याने माती उघडी पडते आणि पहिल्या पावसात राखेसकट वाहून जाते. कापलेल्या फांद्या उताराला आडव्या रचाव्यात. पाऊस पडताच ताग किंवा चवळी पेरावी.

५. मेलेल्या झाडाच्या जागी जून-जुलैत कलम लावावे. खड्डा दोन फूट लांब, रुंद व खोल घ्यावा. कलमाचा सांधा मातीवर राहू द्यावा.

आरोग्याचेही ध्यान ठेवावे. जळक्या फांद्या अचानक कोसळतात. मुलांना तेथे नेऊ नये. राख उपसताना नाकातोंडावर ओले फडके बांधावे. भाजल्यास त्या जागेवर वीस मिनिटे थंड पाणी वाहू द्यावे. तूप, राख, टूथपेस्ट लावू नये. चेहरा भाजला किंवा जखम मोठी असली तर दवाखाना गाठावा.

प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या रविवारी, तीन वर्षांतून एकदा, लूकच्या शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाचा दाखला वाचला जातो. मालक तोडायला सांगतो, माळी एका वर्षाची मुदत मागतो. पण तो नुसता थांबत नाही. खणायचे आणि खत घालायचे काम अंगावर घेतो. आपणही तसेच करावे.

आणि पुढच्या जानेवारीत गवत वाळण्याआधी बागेभोवती दहा फूट रुंद पट्टा साफ करून ठेवावा. रानात जाताना काडेपेटी घरीच राहू द्यावी. धूर दिसला तर लगेच शेजाऱ्यांना व वनखात्याला कळवावे.

तुमचा धर्मगुरू