सीएनजी आणि हायब्रिड एकाच गाडीत!

समता कॉलनीतल्या आमच्या गल्लीत दोन ग्रँड विटारा उभ्या असतात. एक सीएनजी, दुसरी स्ट्राँग हायब्रिड. कंपनीच्या आकड्यानुसार पहिली किलोला 26.6 किमी धावते, दुसरी लिटरला 27.97. मग दोन्ही तंत्रं एकत्र का नाहीत? मोठी अडचण डिकीची! सिलिंडर तिथेच, हायब्रिडची बॅटरीही तिथेच.

पण जोडी जमेल झकास. सीएनजीवालीचं इंजिन पेट्रोलवर सुमारे 100 पीएस ताकद देतं, गॅसवर 88. ओव्हरटेक करताना जाणवणारी ही कसर हायब्रिडची इलेक्ट्रिक मोटर भरून काढेल. टोयोटानं 2008 मध्येच लॉस एंजेलिसच्या ऑटो शोमध्ये सीएनजी-हायब्रिड कॅम्री मांडली होती. टाटांनी तर दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवून जागाही वाचवली. आता कंपन्यांनी ही गाडी आणावीच!