फोर बाय फोर: कायमचा की गरजेपुरता?

थार, जिम्नी घेणाऱ्यांचा हमखास प्रश्न: कोरड्या डांबरावर ४एच (चारही चाकांना जोर देणारा मोड) टाकला तर पकड वाढेल ना? नका टाकू! या गाड्यांत फोर बाय फोर गरजेपुरता असतो. पुढच्या-मागच्या एक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. चिखलात, वाळूत चाकं थोडी घसरून तो फरक जिरवतात. कोरड्या रस्त्यावर मात्र सगळा ताण ट्रान्सफर केस आणि शाफ्टवर येतो, स्टीअरिंग जड होतं, गाडी आखडते.

याउलट १९७० ची रेंज रोव्हर आणि १९७७ ची (माझी लाडकी!) लाडा निवा यांनी मधला डिफरन्शियल देऊन चारही चाकं कायम चालती ठेवली. चिखलात तो लॉक करायचा. ओला-कोरडा रस्ता आलटून पालटून येणाऱ्या घाटात हे खरं सुख. पण सुटे भाग जास्त, वजन जास्त, इंधनही थोडं जास्त.

माझं मत? एरवी शहर-हायवे आणि अधूनमधून गडाच्या पायथ्याचा कच्चा रस्ता असेल, तर गरजेपुरताच बरा. बर्फाळ भागात राहत असाल, तर कायमचा घ्या. आणि हो, गरजेपुरता असेल तर महिन्यातून एकदा तरी मातीच्या रस्त्यावर ४एच टाकून थोडं फिरवा. आतल्या भागांना तेल लागत राहतं.